बालकांचे भय आणि त्याचा उपचार : विनयपिटक ते आधुनिक मानसोपचार

विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील सतरा मुलांची हकिकत आली आहे. ही मुले एकमेकांचे सवंगडी होती आणि उपालि नावाचा मुलगा त्यांचा प्रमुख होता. (विनयधर म्हणून विख्यात असलेले उपालि स्थविर ते हे नव्हेत.) उपालीच्या आईवडिलांना एकच विवंचना होती : आपल्या पश्चात हा मुलगा कष्टावाचून कसा जगेल? त्याला लेखन शिकवावे तर बोटे दुखतील. गणना शिकवावी तर छाती दुखेल. 'रूप' म्हणजे नाणी पारखण्याची विद्या शिकवावी तर डोळे दुखतील. अखेर त्यांना असे वाटले, की शाक्यपुत्रीय श्रमणांचे जीवन सुखाचे आहे. ते चांगले जेवतात आणि वारा न लागणाऱ्या शय्येवर निजतात. आपला मुलगा संघात गेला तर त्याची चिंता मिटली. उपालीच्या कानावर हे बोलणे पडले, त्याने ते सवंगड्यांना सांगितले आणि सतराही मुलांनी घरून संमती मिळवून प्रव्रज्या व उपसंपदा घेतली.

रात्र सरत आली तेव्हा ही मुले उठून रडू लागली. कोणी यवागू मागे, कोणी भात, कोणी खाऊ. उजाडेपर्यंत थांबा, असेल ते मिळेल, नाहीतर भिक्षेला जा, असे भिक्खूंनी समजावले. तरी रडणे थांबेना. अंथरुणेही त्यांनी घाण केली. पहाटे उठलेल्या भगवंतांना लहान मुलांचा आवाज ऐकू आला आणि त्यांनी आनंद स्थविरांकडे चौकशी केली. सर्व हकिकत कळल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. ज्या भिक्खूंनी वय जाणूनही उपसंपदा दिली त्यांची निर्भर्त्सना केली आणि वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम घालून दिला. नियमाचे कारणही नोंदलेले आहे : या वयात थंडी, ऊन, भूक, तहान, डास, सरपटणारे जीव, शरीरातील वेदना आणि दुरुक्त म्हणजे कठोर, अपमानकारक शब्द सहन करण्याची शक्ती आलेली नसते.

उपसंपदेच्या वयोमर्यादेचा आधार म्हणून हा उतारा नेहमी वाचला जातो. आम्ही प्रस्तुत लेखात तो दुसऱ्या अंगाने वाचू इच्छितो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात मुलांच्या भयाची दखल कोणी, कशी घेतली आणि त्यावर कोणता उपाय योजला, याची ती एक नोंद आहे. आज मुलांच्या व किशोरवयीनांच्या चिंताविकारांवर जे उपचार केले जातात, त्यांचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. तो इतिहास आणि पालि वाङ्मयातील ही सामग्री शेजारी ठेवून पाहिली असता एक प्रश्न पुढे येतो आणि आमच्या समाजाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. भ्यालेल्या मुलाला भयाशी झुंजण्यास शिकवावे, की ज्या परिस्थितीने त्याला भय वाटते ती परिस्थिती बदलावी?

प्रथम एक खुलासा. आधुनिक शास्त्रातील प्रत्येक शोध तिपिटकात आधीच होता, असे सिद्ध करण्याची हौस अलीकडे बळावली आहे. वैदिकांच्या ज्या खोडीला आपण हसतो तीच आपण उचलू नये. भगवान बुद्ध हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते आणि पालि ग्रंथांत आजच्या अर्थाने चिंताविकाराचे निदान नाही. परंतु भयाचे निरीक्षण तेथे आहे आणि ते अतिशय बारकाईचे आहे.

मज्झिमनिकायातील भयभेरवसुत्त हे त्याचे उत्तम उदाहरण होय. जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला जेतवनात केलेल्या या उपदेशात भगवंत आपल्या साधनाकाळाचे वर्णन करतात. चतुर्दशी, पौर्णिमा-अमावस्या आणि अष्टमी अशा, लोक भयप्रद मानत त्या रात्री ते मुद्दाम उद्यानातील, वनातील आणि वृक्षांखालच्या चैत्यस्थानी जाऊन राहिले. तेथे एखादे हरिण येई, मोर वाळकी काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि मनात येई, की हेच ते भय येत आहे. मग त्यांनी विचार केला : मी भयाची वाट पाहत का राहावे? ज्या स्थितीत असताना भय येईल त्याच स्थितीत राहून मी त्याचे निवारण करीन. चालत असताना भय आले तर ते दूर होईपर्यंत ते थांबले नाहीत, बसले नाहीत, आडवे झाले नाहीत. बसलेले असताना आले तर उठले नाहीत.

या उताऱ्यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की त्रास देते ते मोराने पाडलेल्या काटकीहून अधिक तिची वाट पाहणे. चिंतेने ग्रासलेल्या मुलाची अवस्था हीच असते. परीक्षेपेक्षा परीक्षेची आदली रात्र त्याला छळते. दुसरी अशी, की भय वाटताच स्थिती बदलली, म्हणजे पळ काढला, तर तात्पुरते बरे वाटते, पण पळाल्यामुळेच आपण वाचलो असे मन शिकते. बोधिसत्त्वांनी मनाला ही शिकवण मिळू दिली नाही. आधुनिक उपचाराचा कणा नेमका हाच आहे, पण तो सापडण्यास पाश्चात्त्यांना वळणावळणाच्या वाटेने जावे लागले.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली घोड्यांना भिणाऱ्या पाच वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तेथे भयाचा अर्थ लावण्यावर सारा भर होता. पुढे १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बालकावर प्रयोग केला. पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळी मागे लोखंडी कांबीवर घण मारीत. काही वेळा असे केल्यावर ते बालक नुसत्या उंदराला भिऊन रडू लागले. भय शिकवता येते हे सिद्ध झाले. मात्र त्या बालकाचे भय दूर न करताच ते रुग्णालयातून गेले. ज्ञानाच्या नावाखाली बालकाच्या मनात भय पेरणे आणि ते तसेच सोडून देणे, यास आम्ही शास्त्रीय यश म्हणू शकत नाही.

भय शिकवता येते तर विसरायला लावताही येईल, हा उलट विचार मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने केला. १९२४ साली तिने प्रसिद्ध केलेली पीटर या मुलाची हकिकत आजही वाचण्यासारखी आहे. तो तीन वर्षांचाही नव्हता. सशाला, लोकरीला, पिसांनाही तो भीत असे. जोन्सबाईंनी आधी त्याला सशाला न भिणाऱ्या मुलांबरोबर खेळू दिले आणि त्याचे भय कमी होऊ लागले. मध्येच त्याला तापाचा आजार होऊन रुग्णालयात राहावे लागले. परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि परिचारिकेच्या अंगावर आला, दोघेही घाबरले आणि पीटरचे जुने भय पुन्हा उफाळले. तेव्हा दुसरी रीत योजली गेली. मुलाला उंच खुर्चीवर बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा त्याच्या जेवणात व्यत्यय येणार नाही इतकाच जवळ आणायचा. रोज थोडा अधिक जवळ. शेवटी ससा त्याची बोटे कुरतडू लागला तरी त्याला भय वाटेना.

पुढे दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप दिले. त्यांचा ग्रंथ १९५८ साली निघाला. १९६०च्या दशकात एरन बेक यांनी मनातील विचार तपासून पाहण्याची पद्धत मांडली आणि दोहोंच्या संगमातून विचार-वर्तन उपचारपद्धती तयार झाली. मुलांसाठी तिची पहिली काटेकोर पारख फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील फिलिप केंडॉल यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. ९ ते १३ वयाची ४७ मुले त्यात होती. शरीरात भयाच्या कोणत्या खुणा उमटतात हे मुलाने ओळखायचे; त्या वेळी मन काय सांगते ते पकडायचे; ते खरे आहे का हे पडताळायचे; आणि मग भयाच्या पायऱ्यांची एक शिडी करून सर्वांत खालच्या पायरीपासून एकेक पायरी चढायची. शिडी मुलाच्या संमतीने तयार होते. कोणालाही थेट वरच्या पायरीवर ढकलले जात नाही.

ही पद्धत किती गुण देते याची मोठी पाहणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलामुलींना चार गटांत विभागले होते. बारा आठवड्यांनंतर विचार-वर्तन उपचार आणि सर्ट्रालीन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. केवळ विचार-वर्तन उपचार मिळालेल्यांत सुमारे ६० टक्के, केवळ औषध मिळालेल्यांत सुमारे ५५ टक्के आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत सुमारे २४ टक्के. डॉक्टरांनी औषध सांगितले म्हणजे मूल 'वेडे' ठरले, अशी समजूत असलेल्या आमच्या बंधुभगिनींनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. केवळ वंदना आणि त्रिसरणाने सर्व काही बरे होते असे म्हणणाऱ्यांनीही ठेवावेत.

येथे उपालीच्या आईवडिलांकडे पुन्हा वळले पाहिजे. मुलाची बोटे, छाती आणि डोळे दुखू नयेत म्हणून ते त्याला प्रत्येक विद्येपासून दूर ठेवीत होते. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. परंतु चिंता मुलाची नव्हती, आईवडिलांची होती, आणि तिच्या निवारणासाठी मुलाला वाट बदलावी लागली. परिणामी ज्या मुलाला बोटे दुखण्याचा त्रास सोसू दिला नाही, त्याला पहाटेची भूक सोसावी लागली. आजच्या संशोधनाचे लक्ष याच गोष्टीकडे गेले आहे. मूल भिते म्हणून आईवडील त्याच्याऐवजी बोलतात, त्याला शाळेतून घरी ठेवतात, रात्रभर उशाशी बसतात. त्यामुळे त्या क्षणी भय शमते, पण पुढे वाढते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी मुलाला न भेटता केवळ आईवडिलांना शिकवण्याची पद्धत तयार केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, १२४ मुलांच्या पाहणीत ही पद्धत मुलावर थेट केलेल्या विचार-वर्तन उपचाराहून कमी पडली नाही. 'तुला भय वाटते हे मला कळते, आणि तू ते निभावशील असा मला विश्वास आहे' ही दोन्ही वाक्ये एकत्र बोलायला आईवडिलांना शिकवणे, हे तिचे सार.

बौद्ध ग्रंथ आणि या उपचारपद्धती यांच्यातील साम्य ज्यांनी अभ्यासपूर्वक मांडले त्यांत पद्मल डी सिल्वा यांचे नाव अग्रभागी आहे. श्रीलंकेचे हे मानसशास्त्रज्ञ लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्रीत काम करीत. १९८४ साली बौद्ध धम्म आणि वर्तनोपचार या विषयावर त्यांनी लेख प्रसिद्ध केला आणि पुढे नको असलेल्या विचारांच्या निवारणाच्या संदर्भात वितक्कसण्ठानसुत्ताची चर्चा केली. या सुत्तात पाच उपाय सांगितले आहेत. सुतार लहान खुंटीने मोठी खुंटी ठोकून काढतो तसा एका विचाराने दुसरा काढावा. त्या विचाराचे दोष पाहावेत. त्याकडे लक्ष देऊ नये. तो विचार कशाने उठतो ते पाहून त्याला हळूहळू शांत करावे. आणि शेवटी, यांपैकी काहीच न साधल्यास, दातावर दात दाबून मनाने मनाला आवरावे. चौथ्या उपायाचा दृष्टान्त मुलांना सांगण्यासारखा आहे. लगबगीने चालणारा माणूस स्वतःला विचारतो, मी एवढ्या घाईने का चाललो आहे? तो हळू चालू लागतो, मग थांबतो, मग बसतो, मग आडवा होतो. पाचवा उपाय मात्र मुलांना कोणी शिकवू नये असे आमचे मत आहे. तो भिक्खूंसाठी आणि शेवटचा म्हणून सांगितला आहे. अमेरिकेतील डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली दाखवले, की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांना तोच विचार वारंवार येतो. 'भिऊ नकोस' एवढेच सांगून मुलाचे भय जात नाही, ते यामुळेच.

आनापानाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण मुलांसाठी आनापान शिबिरे आपल्याकडे होतात व त्यांचा लाभ अनेकांनी अनुभवला आहे. मज्झिमनिकायातील महाराहुलोवादसुत्तात भगवंतांनी राहुलाला आनापान शिकवले. अट्ठकथेनुसार राहुल तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याहून लहानपणी, सात वर्षांचा असताना, त्याला जो उपदेश केला तो अम्बलट्ठिकाराहुलोवादसुत्तात आहे, आणि तेथे ध्यान नाही. पाण्याचे भांडे हाती घेऊन, ओतून, पालथे करून दिलेला धडा आहे. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात ज्या उपदेशांचे श्रवण करण्यास सांगितले त्यांत राहुलाला केलेला मृषावादाविषयीचा उपदेश आहे, तो हाच मानला जातो. वयाचा हा विवेक अलीकडच्या इंग्लंडमधील अनुभवाशी जुळतो. तेथे ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली आले. वर्गात सर्वांना सरसकट स्मृतिसाधनेचे पाठ दिले असता ते नेहमीच्या शिकवणीपेक्षा सरस ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. यावरून साधना निष्फळ ठरत नाही. तिची सक्तीची तासिका करून भागत नाही, एवढे मात्र ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे. भयभेरवसुत्तातील साधक प्रौढ होता, स्वेच्छेने वनात गेला होता आणि त्याचे भय काटकीच्या आवाजाचे होते. काटकी निरुपद्रवी होती, म्हणूनच तिला सामोरे जाणे हा उपाय ठरला. परंतु भयाचे कारण खरे असेल तर?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या आत्मपर लेखनात १९०१ सालच्या प्रवासाची हकिकत सांगितली आहे. ते आणि त्यांच्याबरोबरची मुले वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे देऊन, स्वतः गाडी हाकण्याच्या अटीवर एक तयार झाला. अंधार, अनोळखी निर्जन रस्ता, जवळ शिदोरी असूनही पाणी नाही. जकात नाक्याजवळ मुलांनी तहानलेल्या अवस्थेत रात्र काढली. या मुलांच्या भयावर कोणत्या शिडीची कोणती पायरी लावणार? त्यांचे विचार पडताळून पाहिले असते तर ते अक्षरशः खरे निघाले असते. तेथे उपचार एकच होता : पाणी.

विनयपिटकातील मुलांच्या प्रकरणांकडे या दृष्टीने पाहिले, की त्यांचा समान धागा दिसतो. अहिवातक रोगाच्या साथीत आनंद स्थविरांचे उपस्थाक कुटुंब नष्ट झाले आणि दोन मुले उरली. सवयीप्रमाणे ती भिक्खूंना पाहून धावत येत. भिक्खू त्यांना दूर सारीत आणि ती रडत. पंधरा वर्षांखालील मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम नुकताच झाला होता. आनंदांनी गोष्ट भगवंतांच्या कानी घातली. भगवंतांनी विचारले, ही मुले कावळे हाकलू शकतात का? होय, असे उत्तर येताच नियमात सुधारणा झाली व 'काकुड्डेपक' मुलाला प्रव्रज्या देण्याची अनुज्ञा मिळाली. अट्ठकथेत या शब्दाचा अर्थ दिला आहे : एका हातात ढेकूळ घेऊन, येणारे कावळे हाकलीत, समोर ठेवलेला भात जो जेवू शकतो तो. वयाच्या आकड्याऐवजी कुवतीची ही पारख कोणत्याही आधुनिक तज्ज्ञाला पटण्यासारखी आहे.

राहुलाचे प्रकरण याहून हृद्य आहे. अनुपसंपन्नाबरोबर एका छपराखाली निजू नये असा नियम झाल्यावर कोसंबीच्या बदरिकारामात भिक्खूंनी त्याला आपल्या जागेत घेतले नाही. नियम मोडेल या धाकाने सामणेर राहुल शौचकूपात जाऊन रात्रभर राहिला. पहाटे भगवंत तेथे गेले आणि खाकरले. आतून राहुलही खाकरला. कोण आहे, असे विचारता आपले नाव सांगून त्याने निजायला जागा नसल्याचे कारण सांगितले. त्याला धीर धरण्याचा उपदेश केल्याची नोंद नाही. नियम बदलल्याची नोंद आहे : दोन-तीन रात्रींपर्यंत अनुपसंपन्नाबरोबर निजण्यास अनुज्ञा देण्यात आली.

आमचे प्रतिपादन असे, की पालि परंपरेत भयाचे दोन उपचार आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये. काटकीच्या भयाला सामोरे जावे; शौचकूपातील रात्रीसाठी नियम बदलावा. वर्गात आडनावावरून हिणवले जाणाऱ्या, वसतिगृहात वेगळे पाडले जाणाऱ्या मुलीला श्वासावर लक्ष ठेवण्यास शिकवून पुन्हा त्याच वर्गात पाठवणे, हा अर्धा उपचार आहे आणि अर्धा उपचार अन्यायाला मदत करतो. उलट, आमच्यातील काही कार्यकर्ते म्हणतात, की समाजव्यवस्था बदलल्याशिवाय मनाचे उपचार ही निव्वळ फसवणूक आहे. तेही आम्हाला मान्य नाही. व्यवस्था बदलेपर्यंत त्या मुलीची दहावी, बारावी निघून जाते. छातीतील धडधड ओळखणे, पळ न काढता वर्गात टिकणे, हे तिला आजच यायला हवे. आणि कोण हिणवतो याची लेखी तक्रार मोठ्यांनी आजच करायला हवी. कठोर शब्द सहन करण्याची शक्ती या वयात नसते, हे विनयाने कारणांच्या यादीत घातले आहे. ती शक्ती मुलाकडून मागण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, विशाखापट्टणम येथील १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, आणि अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. पहिल्या निर्देशात मनाचा उपचार आहे, दुसऱ्यात परिस्थितीचा. आपापल्या गावच्या शाळेत यांचे पालन होते का, हे विहार समित्यांनी विचारले पाहिजे.

विहारांचे स्वतःचेही काम आहे. उन्हाळ्यात ठिकठिकाणी श्रामणेर शिबिरे भरतात. दहा दिवस घराबाहेर राहिलेली आठ-नऊ वर्षांची मुले तेथे पहिल्या रात्री रडतात, कोणी अंथरूण ओले करते. अशा वेळी रागावणे, इतर मुलांसमोर नाव घेणे किंवा लगेच घरी धाडणे, यांपैकी काहीही करू नये. प्रवेशअर्जात आईवडिलांच्या संमतीबरोबर मूल आधी कधी घराबाहेर राहिले आहे काय, हे विचारावे. एकटे राहण्याची सवय नसल्यास शिबिरापूर्वी एक रात्र विहारात, मग दोन रात्री, असा सराव करून घ्यावा. रात्री दिवा असावा आणि मुलांच्या खोलीत एक जाणते माणूस झोपावे. भय महिन्याहून अधिक टिकले, शाळा सुटू लागली, झोप वा जेवण तुटले, जीव नकोसा झाल्याचे बोलणे आले, तर विहार हा उपचाराचा पर्याय नाही. बालमानसोपचारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा, अशी आमची विहार समित्यांना सूचना आहे.